आधी नाव मस्टरवर, मग पाय विमानात
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो परदेशातील नोकरीचा. विषय फळ्यावर लिहिल्यापासून दोघा-तिघांनी आम्हाला वाटेत गाठून विचारले, अहो, विहारात हा कसला विषय? त्यांना आमचे उत्तर असे की, या विहारात वंदनेला बसणाऱ्या आयाबहिणींपैकी कितीजणींचा मुलगा, भाऊ, नवरा आज दुबईला, दोह्याला, रियाधला, मस्कतला आहे ते जरा हात वर करून दाखवा. बघा किती हात वर झाले. दुसरे असे की, भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्र, मांस, मद्य, विष यांच्या जोडीला जिवंत जिवांचा, माणसांचा व्यापारही आहे. तो व्यापार अजून बंद पडलेला नाही. नाक्यावर काचेचे दार लावलेल्या ऑफिसात तो रोज चालतो. तेव्हा विषय विहारातलाच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही स्वतः कधी परदेशी गेलेलो नाही. आमची शाळा नववीला सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या गेटवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण बऱ्याच वर्षांपासून आम्ही चार-पाच कार्यकर्ते दर रविवारी वंदनेनंतर या हॉलच्या कोपऱ्यात बसून लोकांचे कागद वाचून देतो. सुरुवातीला कागद असायचे ते पीएफचे, वारसाचे आणि गिरणी कामगारांच्या घरांचे. मग हळूहळू पासपोर्ट येऊ लागले, अरबी अक्षरांचे कागद येऊ लागले. आम्ही जे बोलणार आहोत ते या कागदांतून समजलेले आहे.

घरांच्या फॉर्मचीच गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होतो असा पुरावा लागतो. तिकीट नंबर, हजेरी कार्ड, पीएफची पावती, ईएसआयचे कार्ड, असे काहीतरी. ज्यांच्या ट्रंकेत यातला एखादा कागद सापडला त्यांचा फॉर्म पुढे गेला. पण असेही म्हातारे आमच्याकडे आले, की ज्यांनी दुसऱ्याच्या नावावर बदली भरली होती. आठ-आठ, दहा-दहा वर्षे रात्रपाळी केली, फुप्फुसात कापसाची धूळ साठवली, पण मस्टरवर नाव दुसऱ्याचे. काम केले, पण कागदावर ते कामगार नव्हतेच. त्यांना काय सांगायचे? आमच्याकडे सांगायला काही नव्हते. चहा पाजून परत पाठवले.

तर मस्टरवर नाव असणे म्हणजे काय असते ते आपल्या वस्तीला कळते. परदेशच्या नोकरीतही सगळा प्रश्न तोच आहे. आपले नाव दोन मस्टरांवर लागले पाहिजे, एक आपल्या सरकारच्या आणि एक त्या देशाच्या. ते लागले असेल तर संकटात कुणीतरी आपले देणे लागते. नाही लागले तर कुणीच लागत नाही.

आता व्हिसा म्हणजे काय ते साध्या भाषेत बघू. पासपोर्ट आपले सरकार देते. हा माणूस आमचा आहे असे तो सांगतो. व्हिसा समोरचा देश देतो. या माणसाला अमुक कारणासाठी, अमुक दिवस आत येऊ द्या, असे तो सांगतो. यातला 'अमुक कारणासाठी' हा भाग आपली पोरे वाचतच नाहीत. व्हिजिट व्हिसा म्हणजे पाहुणा. पाहुण्याने काम करायचे नसते. केले तर तो त्या देशाचा गुन्हेगार ठरतो, मग मालकाने पगार दिलेला असो वा बुडवलेला असो. कामाच्या व्हिसावर कोणत्या मालकाकडे आणि कोणत्या हुद्द्यावर ते ठरलेले असते. तिथे उतरल्यावर पुन्हा मेडिकल, बोटांचे ठसे आणि मग राहण्याचा परवाना. सौदीत त्याला इकामा म्हणतात. इकामा हातात पडला की माणूस तिथल्या मस्टरवर आला.

आखाती देशांत कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. या पद्धतीला कफाला म्हणतात आणि मालकाला कफील. अलीकडे यात काही बदल झाले. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या परवानगीची अट काढली, आणि मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल ठरवला. जेवण आणि राहणे मालकाने दिले नाही तर त्याचे वेगळे ३०० आणि ५०० रियाल. सौदीनेही २०२१ मध्ये नोकरी बदलण्याची काही मुभा दिली, पण त्या वेळी त्यातून घरकाम करणाऱ्यांना, घरगुती ड्रायव्हरना आणि शेतावर राबणाऱ्यांना वगळले. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर. हे आपल्याला नवीन नाही.

बाजारात 'आझाद व्हिसा' नावाची एक वस्तू विकली जाते. एजंट सांगतो, व्हिसा आझाद आहे, तिथे जाऊन कुठेही काम कर. बरं का पोरांनो, हा कायद्यातला प्रकारच नव्हे. कुणीतरी कफील कागदावर मालक होतो, त्याचे पैसे घेतो, आणि काम काही देत नाही. काम तुम्ही शोधायचे, आणि दुसऱ्याकडे काम करताना पकडलात तर दंड तुम्ही भरायचा. असल्या आझादीला काय म्हणायचे?

आमच्याच गल्लीतला एक मुलगा, नाव सांगत नाही. आठवी नापास, एसी दुरुस्तीत हात चांगला. त्याला नाक्यावरच्या एका माणसाने सांगितले, महिना चाळीस हजार, जेवण फुकट, पंधरा दिवसांत उड्डाण. एक लाख दहा हजार घेतले, पावती नाही. आईने मंगळसूत्र मोडले, उरलेले व्याजाने काढले. हातात पडला तो व्हिजिट व्हिसा. एजंट म्हणाला, तिथे गेल्यावर बदलून देऊ, सगळे असेच जातात. विमानतळावर साहेबाने विचारले तर काय बोलायचे तेही पढवले: मामाकडे फिरायला चाललोय. परतीचे तिकीट दाखवायला दिले, तेही मागाहून रद्द होणारे.

आम्ही या मुलाला दोष देत नाही. पण त्या काउंटरवरच्या एका वाक्याने काय झाले ते समजून घ्या. 'फिरायला चाललोय' म्हटल्याबरोबर तो आपल्या सरकारच्या लेखी कामगार राहिला नाही. तिथे एका खोलीत चौदा जण. काम एसीचे नाहीच, सामान चढवण्या-उतरवण्याचे. दोन महिने पगार नाही. विचारले तर मालक म्हणाला, तू कोण? तुझा माझा काय कागद आहे? व्हिसाची मुदत संपली, दिवसागणिक दंड चढू लागला. मग त्याची आई रविवारी आली, या खांबापाशी बसली आणि म्हणाली, दादा, पोरगा रात्री फोनवर रडतोय, मी कुणाकडे जाऊ?

आम्ही परराष्ट्र खात्याच्या 'मदद' नावाच्या पोर्टलवर तक्रार टाकली. हे पोर्टल २०१५ पासून आहे. तिथल्या वकिलातीला पत्र लिहिले, पासपोर्टची झेरॉक्स जोडली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला, करार कुठे आहे? एजंटचा नोंदणी क्रमांक काय? दोन्ही नव्हते. पाच महिन्यांनी पोरगा आला. अंगावरच्या कपड्यानिशी आला. एजंटचे ऑफिस तोवर दुसऱ्या नाक्यावर गेले होते, पाटीवर नाव नवीन.

आता हेच सरळ दाराने कसे जायचे ते सांगतो. हा भाग जरा कोरडा आहे, पण लक्ष द्या.

१९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. म्हणजे याला कामासाठी काही ठरावीक देशांत जायचे तर आधी सरकारची तपासणी हवी. असे अठरा देश आहेत. आखातातले सहाही आहेत, म्हणजे सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन. शिवाय मलेशिया, थायलंड, इराक, जॉर्डन वगैरे. ही मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स म्हणतात. मुंबईत त्यांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. काम बरेचसे 'ई-मायग्रेट' नावाच्या सरकारी संगणक प्रणालीवर चालते. परदेशातला मालक त्यात नोंद होतो, किती माणसे हवीत, पगार किती, ते त्यात भरले जाते, करार त्यात जोडला जातो. मग मंजुरी मिळते.

पोरे म्हणतात, तो ईसीआर म्हणजे अडाण्याचा शिक्का, लाज वाटते. लाज कसली? ते आपले हजेरी कार्ड आहे. मात्र कुणी दहावी पास असून पासपोर्ट काढताना सर्टिफिकेट जोडले नाही म्हणून ईसीआर लागला असेल, तर ते जोडून नवा पासपोर्ट काढता येतो. आणि पासपोर्टवर काहीच लिहिलेले नसेल तर तो ईसीआर नाही असे समजायचे.

एजंट दोन प्रकारचे. एक सरकारकडे नोंदलेला, ज्याने सरकारकडे लाखांची बँक गॅरंटी ठेवलेली असते. दुसरा त्याचा हस्तक, सब-एजंट, ज्याला कायद्यात जागाच नाही. आपल्या गल्लीत येतो तो बहुधा हा दुसरा. नोंदलेल्या एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, आणि पावती द्यावी लागते. लिहून घ्या हा आकडा. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर टाकला तर तो चालू आहे, निलंबित आहे की रद्द झाला आहे ते दिसते. मोबाईलवर दिसते. रील बघायला दोन तास मिळतात, याला पाच मिनिटे लागतात.

आमचे वडील सांगायचे, गिरणीत लागायचे तर जॉबरला खूश ठेवावे लागे. लावणारा तोच, काढणारा तोच, दस्तुरी घेणारा तोच, आणि पुष्कळ ठिकाणी व्याजाने पैसे देणाराही तोच. मालकाचे तोंडही कामगाराला दिसत नसे. त्याच्याही आधी, ऐंशी-नव्वद वर्षे, मजूर जहाजात भरून समुद्रापार नेले जात. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलास' नावाच्या जहाजातून असे मजूर मॉरिशसला उतरले. पुढे आपल्या कोकणातली, सातारा भागातली मराठी माणसेही तिकडे गेली, त्यांची वंशजमंडळी आजही तिथे आहेत. गावोगाव फिरून मजूर गोळा करणाऱ्याला उत्तरेत अरकाटी म्हणत. ज्यावर अंगठा घेत तो कागद म्हणजे अॅग्रीमेंट, त्याचे लोकांनी केले गिरमिट. आत काय लिहिले आहे ते अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. अरकाटी गेला, जॉबर गेला, आता सब-एजंट आला. आपण मात्र त्यांचे आजोबा-पणजोबा होते तिथेच उभे राहायचे काय?

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, तेही करारावर सही करून. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करायची अशी अट होती. परदेशी जाणाऱ्याला करार असतोच. पण काय लिहिले आहे ते कळून सही करणे वेगळे आणि विमान सुटायच्या आदल्या रात्री एजंटच्या टेबलावर दहा ठिकाणी फुल्या दाखवतील तिथे सही ठोकणे वेगळे.

तर करारात बघायचे काय? मालकाचे पूर्ण नाव. आपला हुद्दा, वेल्डर म्हणून ठरले आणि कागदावर लेबर असेल तर तिथे तुम्ही लेबरच. मूळ पगार किती आणि भत्ते किती, कारण तिथे नोकरी सुटताना मिळणारी रक्कम बहुधा मूळ पगारावर धरतात. मग कामाचे तास, ओव्हरटाइम, जेवण कुणाचे, राहणे कुणाचे, सुट्टी, परतीचे तिकीट. भाषेचा तंटा झाला तर तिथल्या कोर्टात अरबी मजकूर खरा मानतात, म्हणून इंग्रजी प्रतीत जे आहे तेच अरबीत आहे का ते जाण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. तिथे पोचल्यावर विमानतळावरच दुसरा, कमी पगाराचा करार पुढे करण्याची चाल फार जुनी आहे. त्या वेळी इथे ई-मायग्रेटवर चढलेला करार हाच तुमचा साक्षीदार. त्याची एक प्रत घरात ठेवा, एक बहिणीकडे ठेवा, एक मोबाईलमध्ये. पासपोर्ट मालक मागून घेतो. तिथल्या कायद्यांतही त्याला तो अधिकार नाही, तरी घेतात. म्हणून त्याचीही झेरॉक्स घरी.

मंजुरीबरोबर विमा येतो, प्रवासी भारतीय विमा योजना. ईसीआरवाल्याला तो सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख रुपये. व्हिजिट व्हिसावर फिरायला गेलेल्याला यातला छदाम नाही. १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. सुमारे पन्नास माणसे गेली, त्यातले बहुतेक आपल्या देशाचे. झोपेत धुराने गेले. त्या दिवशी आपल्या वस्तीतल्या एका घरी आम्ही दुपारपर्यंत बसून होतो, फोन लागत नव्हता म्हणून. मुलगा दुसऱ्या भागात होता, सुखरूप होता. पण त्या माउलीला विचारले, विम्याचा कागद कुठे आहे, तर तिला असा काही कागद असतो हेच माहीत नव्हते. म्हणून आयाबहिणींनो, सांगतो, जाणाऱ्याने पॉलिसीचा नंबर तुमच्या हातात दिल्याशिवाय त्याची बॅग भरू नका.

आता मेडिकल. यावर कुणी बोलत नाही आणि आपल्या वस्तीत सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. आखाती देशांनी मान्य केलेल्या केंद्रातच तपासणी होते. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, आणि छातीचा एक्स-रे. आपली घरे दहा बाय दहाची, खिडकी एक, त्यात सात माणसे. कितीतरी घरांत कुणा ना कुणाला टीबी होऊन गेला आहे. औषध पूर्ण घेतले, माणूस ठणठणीत झाला, पण एक्स-रेमध्ये जुना डाग राहतो. त्या डागावर तिथे 'अनफिट' होतो. एका मुलाने आधी एजंटला चाळीस हजार दिले, मग एक्स-रे काढला. लहानपणीचा डाग निघाला. पैसे मागायला गेला तर एजंट म्हणाला, तुझी छाती खराब, त्यात माझा काय दोष? म्हणून आमचे सांगणे असे की एजंटला एक रुपया देण्याआधी महापालिकेच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढून घ्या. डाग असेल तर तो मार्ग सोडा, इथे दुसरे काम शोधू. टीबी होऊन बरा होणे यात कमीपणा काही नाही, आणि तो लपवून पैसे भरण्यात शहाणपणाही नाही.

कर्जाचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गिरणीच्या गेटवर पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन उभा असे, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले. आजचा सावकार मोटारसायकलवर येतो. समजा एक लाख वीस हजार काढले, महिना पाच टक्क्यांनी. व्याजच महिना सहा हजार. पोरगा तिकडून पाठवतो पंधरा हजार. घरखर्चाला आठ. मुद्दलात गेले किती? एक हजार. आणि करार दोन वर्षांचा. मग दोन वर्षांनी पोरगा परत येऊ शकतो का? मालक कितीही छळो, तो तिथून हलू शकत नाही. लोक म्हणतात कफीलाने बांधून ठेवले. आमचे मत असे की निम्मी गाठ इथे, आपल्याच गल्लीत, जायच्या आधी बसलेली असते.

शिकलेल्या पोरांना वाटत असेल, हे सगळे आठवी-नववीवाल्यांचे, आमचा काय संबंध. उलट तुमचाच जास्त आहे. ज्याला ईसीआर नाही त्याला कुणी थांबवतही नाही. गेल्या काही वर्षांत बारावी, पदवीधर, संगणक येणाऱ्या मुलांना थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेले आणि तिथून नदीपार म्यानमारमध्ये नेऊन कोंडले. तारांच्या कुंपणात बसवून फोनवरून आणि संगणकावरून लोकांना फसवण्याचे काम करायला लावले, नाही केले तर मार. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सॉटहून अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. व्हिसाशिवाय एखाद्या देशात उतरू देतात म्हणजे तिथे काम करू देतात, असे नाही. एवढे वाक्य ध्यानात ठेवले असते तर त्यांतली कितीतरी पोरे वाचली असती.

भगिनींना एक शब्द. ईसीआर पासपोर्टवर या अठरा देशांत घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय तीस वर्षे पूर्ण हवे, असा आपल्या सरकारचा नियम आहे. नियम चांगला की वाईट यावर वाद आहे. आम्हाला विचाराल तर मोठ्या बाईने कुठे काम करावे हे सरकारने सांगू नये. पण आज नियम आहे, आणि तो चुकवायला एजंट तरण्या मुलींना व्हिजिट व्हिसावर नेतात. घरकाम म्हणजे बंद दाराआडचे काम. तिथे मस्टर नाही, शेजारचा कामगार नाही, सुट्टीचा दिवस कोणता ते मालकीण ठरवते. तिथे कागदाशिवाय जाणे म्हणजे विहिरीत दोर न बांधता उतरणे.

सगळेच काळे आहे असे नाही. वर हा जो पंखा फिरतो आहे तो आपल्याच एका वेल्डर बंधूने बसवला. त्याने आयटीआय केली, ट्रेड टेस्ट दिली, नोंदलेल्या एजंटकडून गेला, पावती घेतली, तिथे सहा वर्षे काढली आणि परत आला. मुलगी नर्सिंगला आहे. त्याच्या हातून झाले ते कुणाच्याही हातून होईल. नर्सिंगवरून आठवले, आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. जपाननेही २०१९ पासून ठरावीक कामांसाठी परदेशी कामगारांचा वेगळा व्हिसा काढला, आणि आपल्या देशाशी त्यासाठी २०२१ मध्ये समझोता झाला. पहिल्या प्रकारच्या त्या व्हिसावर साधारणपणे पाच वर्षांपर्यंत राहता येते, कुटुंब नेता येत नाही. या दोन्ही वाटांवर भाषेची परीक्षा आहे. जपानीची चौथी पायरी, एन-फोर, किंवा त्या तोलाची परीक्षा पास व्हावी लागते. एजंटला लाख रुपये देण्यापेक्षा भाषेच्या वर्गाला पाच-दहा हजार देणे आम्हाला केव्हाही पटते. भाषा शिकलेली वाया जात नाही, आणि एजंट ती घेऊन पळूही शकत नाही.

घरच्यांसाठी थोडे. तिकडून येणारा पैसा कुणाच्या खात्यात येणार ते जाण्याआधी ठरवा. आम्ही स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पैसा बायकोच्या नावावरच्या वेगळ्या खात्यात यावा. वडील, भाऊ, मेहुणे सगळे चांगलेच असतात, पण पोरगा दोन वर्षांनी आल्यावर हिशेबावरून भाऊबंदकी झालेली आम्ही या हॉलमध्ये बसून सोडवली आहे. आणि हा पैसा कायमचा नाही. आखातात वीस वर्षे काढा, नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून विमानांनी मुंबईला आणावे लागले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुन्हा तेच झाले, मे महिन्यापासून विमाने भरून माणसे परत आली. आपल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा निदान घर गाठायला लोकल होती.

नियम बदलत असतात, आकडेही बदलतात. तेव्हा जाण्याच्या वेळी पुन्हा विचारून घ्या. रविवारी सकाळी वंदना संपली की आम्ही खांबाजवळच्या टेबलावर दुपारी एकपर्यंत असतो. येताना पासपोर्ट आणा, झेरॉक्स नव्हे तर मूळ. व्हिसाचा कागद आणा, कराराची सगळी पाने आणा, नुसते सहीचे पान नको. एजंटचे कार्ड, पावती, मेडिकलचा कागद आणा. आईला किंवा बायकोला बरोबर आणा. आणि पैसे दिल्यानंतर नको, देण्याच्या आधी या. अरबी वाचणारे एक मास्तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात, त्यांचे आपण काही देत नाही, चहा तेवढा देतो. ज्यांची मुले आत्ता तिकडे आहेत त्यांनी या महिन्यात विम्याच्या पॉलिसीचा नंबर आणि कराराची प्रत फोनवर मागवून घ्यावी. आमच्याकडे एक जाड वही केली आहे, त्यात नाव, देश, मालक, पॉलिसी नंबर लिहून ठेवू. वही समितीच्या कपाटात राहील, किल्ली महिला मंडळाकडे.

जयभीम.